माकडाचा कॉल

ग्रंथपाल बाईंच्या वाचनालयात पंखासुद्धा दबकत फिरायचा. हे त्या स्वतःच अभिमानानं सांगत. सांगतानाही आवाज इतका बारीक की समोरच्याला दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागे. दुसऱ्यांदा विचारलं की बाई ओठांवर बोट ठेवून म्हणत, "शूऽ."

या 'शू'ची ख्याती सगळ्या महाविद्यालयात होती. बाईंना कुणावर ओरडताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं सगळं राज्य त्या एका अक्षरावर चाले. एकदा तपासणीला आलेल्या एका मोठ्या पाहुण्यांनी खुर्ची जरा जोरात ओढली. बाईंनी सवयीनं 'शू' केलं. पाहुणे खुर्ची तिथंच सोडून तपासणी संपेपर्यंत उभेच राहिले, आणि शेऱ्यात त्यांनी वाचनालयाला उत्तम असं लिहिलं.

त्यामुळे निसर्ग मंडळाच्या सहलीचा प्रश्न आला तेव्हा बाईंना वाटलं, हे काम तर आपल्यासाठीच तयार झालंय.

प्रश्न असा होता. दर वर्षी निसर्ग मंडळाची मुलं राष्ट्रीय उद्यानात प्राणी बघायला जात. मागच्या वर्षी जंगलाच्या ऐन मध्यात एका मुलाचा फोन वाजला. साधा वाजला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्या पठ्ठ्यानं रिंगटोन म्हणून सिंहाची गर्जना लावली होती. पुढच्या गाडीत उद्यानाचे साहेब पाहुण्यांना घेऊन बसले होते. त्यांच्या ड्रायव्हरनं असा काही ब्रेक दाबला की पाहुण्यांचा चहा साहेबांच्या टोपीत गेला. साहेबांनी सहल तिथूनच परत पाठवली आणि प्राचार्यांना बजावलं, पुढच्या वर्षी एकदाच संधी देतो. गोंगाट झाला तर तुमच्या महाविद्यालयाला गेट कायमचं बंद.

आणि यंदा नेमकी प्राणिशास्त्राच्या सरांची मान धरली. सर डावीकडेच बघू शकत होते, आणि जंगल काही एकाच बाजूला नसतं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं, मुलांबरोबर कोण जाईल? तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायचं आठवलं. प्राचार्य म्हणाले, मग सहल राहू दे आणि मंडळही राहू दे, त्यांची खोली खेळाच्या सामानाला देऊन टाकू.

हे ऐकलं आणि बाई उभ्या राहिल्या. निसर्ग मंडळाची मुलं म्हणजे त्यांच्या जिवाचा विषय होता. बाकीचे विद्यार्थी वाचनालयात पंख्याखाली डोळे मिटायला येत. ही मुलं मात्र पुस्तकं नेत, वाचत, आणि पानं न दुमडता परत आणत. असे वाचक आजकाल बिबट्यापेक्षा दुर्मीळ झालेत, असं बाईंचं मत होतं.

"मी जाते," बाई म्हणाल्या. "आवाज होणार नाही. फोन तर वाजणारच नाही. हा माझा शब्द."

प्राचार्यांना ते दोनदा विचारून घ्यावं लागलं, पण ठरलं.

बाईंनी तयारीही तशीच केली. सहलीच्या दिवशी उद्यानाच्या गेटवर बस थांबली तेव्हा त्यांनी दारातच कापडी पिशवी धरली. जो उतरेल त्यानं फोन पिशवीत टाकायचा आणि वाचनालयाचा पितळी बिल्ला घ्यायचा. स्वतःचा फोनही त्यांनी टाकला आणि स्वतःकडून बिल्ला घेतला. पिशवीला गाठ मारून ती बस ड्रायव्हरच्या हवाली केली. ड्रायव्हर हा मोठा सेवाभावी माणूस. त्यानं पिशवी मांडीवर घेतली ती कुणाचं तान्हं मूल घ्यावं तशी.

मग बाईंनी मुलांना नियम सांगितला. गेटच्या आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. काही विचारायचं असेल तर बाहेर आल्यावर. काही सांगायचं असेल तरीही बाहेर आल्यावर. मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे मोठ्या डोळ्यांची एक शहाणी मुलगी, तिनं हात वर करून विचारलं, वाटेत एखादा प्राणी दिसला तर? बाई म्हणाल्या, "त्यालाही तोच नियम."

मुलं हसली नाहीत. साहेबांची धमकी त्यांनाही ठाऊक होती.

उद्यानाची गाडी उघडी आणि लांबलचक होती, बाकड्यांच्या चार रांगांची. गाडी चालवणारा आणि प्राणी दाखवणारा असा एकच माणूस, गाइड. वय झालेला, बोलायला थोडका. त्यानं इंजिन सुरू करण्याआधी मागं वळून तीन वाक्यं सांगितली. जंगलात कुणी खाली उतरायचं नाही, काहीही झालं तरी नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि कॉल आला की मी हात वर करीन, तेव्हा श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

बाईंना माणूस फार आवडला. फोनच्या बाबतीत आपल्याइतकाच कडक दिसतोय, असं त्यांना वाटलं. जंगलाच्या भाषेत कॉल म्हणजे वेगळंच काहीतरी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बिबट्या जवळ आला की माकडं, हरणं एकमेकांना सावध करायला विशिष्ट आवाज काढतात. त्या आवाजाला गाइड लोक कॉल म्हणतात. हे सगळ्या मुलांना माहीत होतं, कारण ते पुस्तकात होतं. बाईंनी ते पुस्तक शेकडो वेळा दिलं होतं, घेतलं होतं, पुसलं होतं, शिवलं होतं. वाचायचं तेवढं राहून गेलं होतं.

गाडी आत शिरली. पहिल्याच वळणावर एक निळा पक्षी उडाला आणि कुणीतरी "अय्या" म्हणालं. बाईंनी लगेच हळुवारपणे "शूऽ" केलं.

पुढं बसलेल्या गाइडचा कान हलला.

आता इथं त्या गाइडची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्या गाडीत रोज लेकुरवाळी कुटुंबं बसत. मागच्या सीटवरून 'शू' असा आवाज आला की त्याचा अर्थ एकच, हे त्याला अनुभवानं पक्कं माहीत होतं. जंगलात खाली उतरायला बंदी. तेव्हा गाडी वळवायची, गेटवर आणायची, तिथल्या स्वच्छतागृहाकडे बोट दाखवायचं, हा त्याचा शिरस्ता. एकदाच त्यानं असं 'शू' कानाआड केलं होतं. त्यानंतर दुपारभर तो सीटचं कव्हर धूत बसला होता. त्यामुळे या बाबतीत तो कसलाही धोका पत्करायला तयार नव्हता.

तरी या वेळी त्यानं विचार केला, आवाज मोठ्या माणसाचा आहे. मोठ्या माणसाला थोडं धरवतं. जाऊ थोडं पुढं.

थोडं पुढं गेल्यावर झाडांच्या शेंड्यावरून आवाज आला. खॉक्. मग पुन्हा, खॉक्, खॉक्. गाइडनं गाडी थांबवली आणि हात वर केला.

"कॉल येतोय," तो कुजबुजला.

बाईंनी कान टवकारले. महिन्यापूर्वी त्यांच्याच वाचनालयात एक फोन कोंबड्यासारखा आरवला होता. मागच्या वर्षीचा सिंह तर प्रसिद्धच होता. हल्लीची पोरं फोनला काय काय आवाज लावतील याचा नेम नाही, हे त्यांनी मनाशी धरलेलं. हा खोकल्यासारखा आवाज म्हणजे नवी फॅशन असणार.

त्या पुढं वाकल्या आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारलं, "कुणाचा?"

"माकडाचा," गाइड म्हणाला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. निसर्ग मंडळात माकड या नावाचा एक मुलगा होता. नाव कागदावर वेगळं होतं, पण ते परीक्षेपुरतंच. एरवी घरच्यांपासून शिपायापर्यंत त्याला सगळे माकडच म्हणत, कारण तो पायरीवरून कधी चढला नव्हता आणि दारातून कधी आला नव्हता. तो शेवटच्या रांगेत बसून वर झाडाकडे टक लावून बघत होता. बाईंच्या लेखी चोराचं लक्षण याहून वेगळं नसतं.

बाई वळल्या आणि त्यांनी माकडाकडे हात पसरला. माकडानं आपला बिल्ला दाखवला. बाईंनी मान हलवली, बिल्ला नको, दुसरा फोन. सेक्रेटरीच्या सगळं ध्यानात आलं. तिनं तोंड उघडलं. "बाई, कॉल म्हणजे ते..."

"शूऽऽऽ," बाई म्हणाल्या. या वेळचं 'शू' बरंच लांब होतं.

गाइडनं हताशपणे झाडाकडे पाहिलं. माकडं एकसारखी ओरडत होती, बिबट्या हाकेच्या अंतरावर असणार. पण मागून आलेलं हे 'शू' आता काही थांबण्यासारखं वाटत नव्हतं. त्यानं मुकाट्यानं गाडी वळवली आणि गेटच्या दिशेनं पिटाळली.

बाईंना वाटलं, संपलं. यानं आपल्याला रंगेहाथ पकडलं आणि हा आता साहेबांपुढं उभं करणार.

वाटेत त्यांनी माकडाचे खिसे उलटे केले. एक पीस, कसल्याशा बिया, अर्धी पेन्सिल, एका मेलेल्या भुंग्याची काडेपेटी. फोन नाही. मोजे काढायला लावले. मोज्यांतही नव्हता, पण मोज्यांमुळे आजूबाजूची मुलं आपोआप गप्प झाली.

गेटपाशी एक बैठी इमारत होती. डावीकडे साहेबांची खोली, उजवीकडे स्वच्छतागृह. गाइडनं गाडी लावली आणि सभ्य माणसासारखं तोंड दुसरीकडे फिरवलं. म्हणाला, "जाऊन या बाई. संकोच करू नका. आम्ही थांबतो."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि त्या डावीकडे गेल्या.

साहेब मिशीवाले, भारदस्त गृहस्थ. बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. कॉल आला हे खरं आहे. आपण नाकारत नाही. गाइडनंच ऐकला.

साहेबांचा चेहरा खुलला. "कॉल आला? अरे वा. कुणाचा?"

"माकडाचा."

"जोरात होता?"

"फारच," बाई खाली मान घालून म्हणाल्या.

"उत्तम," साहेब म्हणाले. "कॉल यायलाच हवेत. त्याशिवाय मजा काय?"

बाईंना हा उपरोध चांगलाच झोंबला. पण दिलेल्या शब्दाला जागायचं तर आता सगळंच सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "मी लगेच माकडाची झडती घेतली, साहेब."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "माकडाची?"

"हो. खिसे बघितले, मोजे काढले. काही सापडलं नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी फार सांभाळून विचारलं, "चावलं नाही ना?"

"छे हो," बाई म्हणाल्या. "स्वभावानं गरीब आहे. आईवडीलही चांगले आहेत, भेटतात नेहमी."

साहेबांनी उठून खिडकी उघडली, पंखा वाढवला आणि बाईंना गार पाण्याचा ग्लास दिला. बाईंनी तो आज्ञाधारकपणे रिकामा केला. साहेबांनी आणखी एक भरला. उन्हात टोपी घालत जा, असा सल्लाही दिला. कारवाईचं काहीच बोलले नाहीत. बाई बाहेर आल्या त्या साहेबांच्या मोठ्या मनाविषयी विचार करतच.

"झालं?" गाइडनं विचारलं.

"झालं. साहेब काही बोलले नाहीत."

गाइडला कळेना की एवढ्याशा गोष्टीत साहेब काय बोलणार. तो म्हणाला, "विचारावं लागत नाही बाई. दार उघडंच असतं."

खरंच, असे अधिकारी आता राहिले नाहीत, असं मनाशी म्हणत बाई गाडीत बसल्या.

दुसऱ्या खेपेला बाईंनी माकडाला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि त्याचं मनगट धरून ठेवलं. सेक्रेटरीनं गेटच्या अलीकडेच काहीतरी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, पण गाडीचं पुढचं चाक आत गेलं होतं आणि बाईंच्या नियमानुसार ते आतच धरलं गेलं. गाडी बांबूंच्या बेटापाशी पोचली आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीला शिंक आली. बिचारीनं दोन्ही हातांनी नाक दाबलं होतं, तरी मांजर पायाखाली यावं तसा आवाज झालाच. बाईंच्या तोंडून सवयीनं 'शू' निघून गेलं.

गाडी तिथल्या तिथं वळली.

शिंकेला सुद्धा परत! बाई थक्क झाल्या. याला म्हणतात शिस्त. आपल्या वाचनालयात आपण शिंकेला आजवर माफी देत आलो, हे त्यांना फार ढिलेपणाचं वाटू लागलं.

गेटवर गाइडनं पुन्हा तोंड फिरवलं, बाई पुन्हा डावीकडे गेल्या आणि शिंकेबद्दल क्षमा मागून आल्या. साहेबांनी काळजीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. बस ड्रायव्हर पिशवी मांडीवर घेऊन हे सगळं बघत होता. त्यानं गाइडला खुणेनं विचारलं, काय भानगड? गाइडनं त्याच्या कानात उत्तर दिलं. ड्रायव्हरनं "अरेरे" असा चेहरा केला.

निघताना गाइड न राहवून बाईंना म्हणाला, "बाई, लहान तोंडी मोठा घास होतोय. पण पाणी जरा बेतानं प्या."

बाईंना वाटलं, जंगलात पाण्याची टंचाई असेल. त्यांनी मान डोलावली आणि मुलांनाही पाणी जपून वापरायला खुणेनं सांगितलं.

तिसरी खेप शेवटचीच असणार होती. उन्हं उतरायला लागली होती आणि अंधाराआधी सगळ्या गाड्या बाहेर याव्यात असा उद्यानाचा नियम होता. मुलांचे चेहरे पडले होते. वर्षभर वाट बघून त्यांना आतापर्यंत एक निळा पक्षी आणि दोनदा तेच गेट दिसलं होतं. बाईंनाही ते कळत होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढं खेळाच्या सामानानं भरलेली मंडळाची खोली उभी होती. आज गप्प राहिली तर पोरं पुढच्या वर्षी पुन्हा येतील, इतकंच त्यांना दिसत होतं.

गाइडनं गाडी पाणवठ्याकडे नेली. पाणवठ्याच्या पलीकडे काळे, सपाट खडक होते. गाडी थांबली. पान हलत नव्हतं. आणि गवतातून तीक्ष्ण आवाज आला, कुणी शिट्टी अर्धवट गिळावी तसा.

गाइडचा हात वर गेला. "कॉल."

"कुणाचा?" बाईंनी ओठांनीच विचारलं.

"हरणाचा."

हरीण नावाचं मंडळात कुणी नव्हतं. बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गाइड हा किती भला माणूस, मुलांची नावं चारचौघांत घ्यायला नको म्हणून रूपावरून, गुणावरून सांगतोय. मघाचं माकड बरोबर निघालं होतं. मग हरीण कोण? बाईंची नजर आपसूक सेक्रेटरीच्या मोठमोठ्या, टपोऱ्या डोळ्यांवर जाऊन थांबली.

त्यांना फार वाईट वाटलं. जिच्या भरवशावर वाचनालयाची किल्ली द्यावी, तीच?

बाई सीटवर मागं वळून गुडघ्यांवर बसल्या, खडकांकडे पाठ आणि मुलांकडे तोंड. त्यांनी सेक्रेटरीपुढं हात पसरला. पण सेक्रेटरीचं त्यांच्या हाताकडे लक्षच नव्हतं. तिचे डोळे बाईंच्या खांद्यावरून पलीकडे लागले होते आणि हळूहळू आणखी मोठे होत होते. शेजारच्या मुलाचंही तेच. माकडाचा तर जबडाच खाली आला होता. सगळीच्या सगळी पोरं बाईंच्या पाठीमागं बघत होती.

अपराधी माणूस नजरेला नजर देत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. पण सगळेच? म्हणजे सगळ्यांकडेच फोन?

सेक्रेटरीनं ओठ न हलवता म्हटलं, "बाई, मागं बघा."

पंचवीस वर्षांत 'बाई, मागं बघा' म्हणणारे बाईंनी पुष्कळ पाहिले होते. मागं बघितलं की पुढचं पुस्तक पिशवीत जातं. त्या बघणार नव्हत्या.

"बाई, खरंच हो," माकड रडवेलं होऊन म्हणालं. "खडकावर आलाय. बसलाय. आपल्याकडेच बघतोय."

आजपर्यंत कधी केलं नसेल असं जरबेचं, दात आवळून 'शू' बाईंनी केलं. ते पाणवठ्यावरून पलीकडे गेलं आणि तिकडून परत आलं.

गाइडनं खडकाकडे एकदा डोळे भरून पाहिलं. आयुष्यात इतका निवांत बसलेला बिबट्या त्याला फार वेळा दिसला नव्हता. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. त्यानं गाडी मागच्या मागं घेऊन असा काही ब्रेक दाबला की बाई सीटवरून सेक्रेटरीच्या मांडीवर जाऊन पडल्या. उठून, चष्मा शोधून, पुसून त्यांनी मागं वळून पाहिलं तेव्हा खडक रिकामा होता.

गेटच्या बाहेर गाडी थांबली, गाइड तोंड फिरवून साहेबांच्या खोलीकडे गेला, पण या वेळी बाई उतरायच्या आधी सेक्रेटरीनं त्यांचा हात धरला.

"बाई, आता आपण बाहेर आहोत," ती म्हणाली. "आता बोलू?"

नियम नियमच होता. बाईंनी मान डोलावली. मग सेक्रेटरीनं कॉल म्हणजे काय ते अगदी सावकाश, एकही शब्द मोठा न करता सांगितलं. माकड म्हणजे झाडावरचं. हरीण म्हणजे गवतातलं. ऐकता ऐकता बाई खाली बसल्या. त्यांनी शेजारच्या माकडाचं पुन्हा धरलेलं मनगट सोडलं. ते लाल झालं होतं. मग त्या मनगटावरून त्यांनी दोनदा हात फिरवला.

"पण मग," त्या म्हणाल्या, "तो आपल्याला सारखा परत का आणत होता?"

सेक्रेटरीनं माकडाकडे पाहिलं. माकडानं आपल्या बुटांकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही आम्हाला शू म्हणत होता ना," माकड म्हणालं.

"मग? ते तर मी नेहमीच म्हणते."

"हो. पण गाइडकाकांना वाटलं, तुम्हाला..." आणि त्यानं स्वच्छतागृहाच्या पाटीकडे हळूच बोट केलं.

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. पाटी तिथंच होती. इतका वेळ ती आपल्याला दिसली कशी नाही, असं त्यांना वाटलं. आणि दर खेपेला आपण साहेबांच्या खोलीत काय काय बोलून आलो, ते एकेक आठवत गेलं. चावलं नाही ना, हे आठवलं तेव्हा त्यांचे कान तापले.

तेवढ्यात साहेब स्वतःच बाहेर आले. बरोबर गाइड. बाई आणि मुलं खाली उतरून उभी राहिली. साहेबांनी सगळ्यांकडे नजर फिरवली आणि घसा खाकरला. म्हणाले, मागच्या वर्षीचं मी विसरलो नव्हतो. आज दिवसभर कान देऊन होतो. माझा गाइड सांगतो की इतक्या वर्षांत इतकी शांत मुलं त्याच्या गाडीत बसली नाहीत. बिबट्या समोर आला तरी एकाच्या तोंडून चित्कार निघाला नाही. आणि तो बघायचा सोडून परत फिरावं लागलं, तरी एकानंही तक्रार केली नाही.

मुलांनी एकमेकांचे हात धरले.

"पुढच्या वर्षाची परवानगी मी आजच देतो," साहेब म्हणाले.

माकडानं उडी मारायला गुडघे वाकवले आणि सेक्रेटरीनं त्याचा शर्ट धरून त्याला जमिनीवर ठेवलं.

साहेब मग बाईंच्या जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, रागावू नका. आज गाडीला इतक्यांदा परत यावं लागलं ते तुमच्यामुळे, असं गाइड म्हणतो. हा त्रास जुना आहे का?"

गाइड दूरवर कुठंतरी बघत होता. बस ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

बाईंनी विचार केला. मला कसलाही त्रास नाही, मी मुलांना गप्प करत होते, असं म्हटलं तर साहेब विचारणार, म्हणजे मुलं बोलत होती? मग 'अय्या' निघणार, पाणवठ्यावरची कुजबुज निघणार, आणि आत्ता हातात आलेलं गेट पुन्हा मिटणार. खोटं बोलणं तर बाईंना जन्मात जमलं नव्हतं. मुलांची सगळी तोंडं एका रांगेत, पहिल्यांदाच कुणी न सांगता गप्प उभी होती.

"वयोमानानं होतं असं, साहेब," बाई म्हणाल्या.

यात खोटं काहीच नव्हतं. वयोमानानं पुष्कळांना होतं.

"डॉक्टरांना दाखवा."

"दाखवते."

"आणि ते माकडाचं," साहेब आणखी जवळ येऊन म्हणाले, "नखबिख लागलं असेल तर एक इंजेक्शन घेऊन टाका. हयगय करू नका."

माकडानं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

बसमध्ये बाई पुढच्या सीटवर बसल्या. थोडा वेळ गेला. मग त्यांनी सेक्रेटरीला शेजारी बोलावून घेतलं आणि विचारलं, कसा होता? सेक्रेटरीनं सांगायला सुरुवात केली. तो खडकावर कसा आला, शेपटीचं टोक तेवढंच कसं हलत होतं, जांभई दिली तेव्हा जीभ कशी वळली. तिचं काही राहिलं तर मागून माकड सांगे. मग शिंकणारी मुलगी बोलली. मग सगळेच एकदम बोलायला लागले. बाईंनी गालावर हात ठेवून ते सगळं ऐकून घेतलं. बसमध्ये इतका गलका झाला होता की वाचनालयाचं छत उडालं असतं. बाईंनी ओठांवर बोट मात्र ठेवलं नाही. त्या अक्षराचा धसका त्यांनीच घेतला होता.

रस्त्यात पहिला पेट्रोल पंप लागला तशी ड्रायव्हरनं बस अदबीनं बाजूला घेतली. इंजिन बंद केलं, तोंड खिडकीकडे फिरवलं आणि म्हणाला, "जाऊन या बाई. सावकाश."

बाई म्हणाल्या, तसं काही नाही, चला. ड्रायव्हर समजूतदारपणे हसला. पुढच्या पंपावर त्यानं पुन्हा बस थांबवली. बाई पुन्हा म्हणाल्या, अहो खरंच नाही. त्यानं मुलांना दटावलं की खिडक्यांकडे तोंडं करा, बाईंना संकोच होतोय. सगळ्या बसनं खिडक्यांकडे तोंडं केली.

त्यापुढचा पंप यायला बराच वेळ होता. या वेळी बस थांबायच्या आत बाई दांडा धरून दाराशी उभ्या होत्या.

"आता मात्र खरंच," त्या हळूच म्हणाल्या.

"काय म्हणालात?" ड्रायव्हरनं विचारलं.

बाईंना ते मोठ्यानं सांगावं लागलं.